आडवा ठेवून पाहायचं का?

कनिष्ठ महाविद्यालयात तीस वर्षं फिजिक्स शिकवून मी निवृत्त झालो आणि महाडच्या आमच्या वाचनालयाने मला लगेच चिटणीस करून टाकलं. काम फारसं नव्हतं. महिन्यातून एकदा कार्यकारिणीची सभा, तिचं इतिवृत्त लिहायचं, आणि रोज सकाळी जाऊन वर्तमानपत्रं वाचायची. वाचनालय खरं चालायचं ते ग्रंथपाल बाईंवर.

बाई नाते गावाहून यायच्या. पन्नाशीच्या आसपास वय, नवरा लवकर गेलेला, मुलगी लग्न होऊन पनवेलला, घरी म्हातारी सासू. वीसेक वर्षं त्या हे काम करत होत्या. कुणाला कुठलं पुस्तक हवं असेल हे तो दारातून आत आला की त्यांना कळायचं.

मग एका पावसाळ्यात पूर आला, त्यात तळमजल्यावरची निम्मी पुस्तकं गेली, आणि सगळ्या पुस्तकांची नोंद असलेलं जाडजूड रजिस्टरही भिजलं. बाईंनी त्याची पानं सुटी करून दोऱ्यांवर वाळत घातली होती. पानं वाळली, पण शाई उतरून गेली होती. मग असं ठरलं की पुरातून वाचलेली आणि देणगीत आलेली पुस्तकं मोजून नवी यादी कॉम्प्युटरवरच करायची. कॉम्प्युटरही कुणीतरी दिलेला, वापरलेला. बाई महिनाभर क्लासला जाऊन मराठी टायपिंग शिकून आल्या आणि कामाला लागल्या.

पंधरा दिवसांतच त्या म्हणायला लागल्या, "सर, कॉम्प्युटर हँग होतो."

हँग होतो म्हणजे सगळं थिजायचं. माऊसचा बाण हलत नाही, कीबोर्ड दाबला तरी अक्षर उमटत नाही. बटण दाबून बंद करायचा, पुन्हा चालू करायचा, आणि मधल्या नोंदी गेलेल्या असायच्या. एकदा तर अख्खी फाईलच उघडेना, तेव्हा आठवड्याचं काम पुन्हा करावं लागलं.

आम्ही कुणी पाहायला गेलो की मात्र तो व्यवस्थित चालायचा. बाई आम्हाला बोलावायच्या तोवर त्यांनी तो बंद करून पुन्हा चालू केलेला असायचा. मी दहा मिनिटं बसायचो, दोन-चार नोंदी करून बघायचो, आणि उठायचो. "चालतोय की, बाई. तुम्ही दोन बटणं एकदम दाबत असाल."

दोनदा तो रिक्षात घालून दुरुस्तीच्या दुकानात नेला. दुकानदाराने दोन्ही वेळा सांगितलं, "सर, मी दिवस दिवस चालू ठेवून पाहिला, काही प्रॉब्लेम नाही. तुमच्या फायली काढून ठेवून फॉरमॅट मारलाय, आता पळेल." पळाला नाही. दुसऱ्याच दिवशी बाईंची तीच तक्रार.

पुढच्या सभेत आमचे अध्यक्ष चिडले. ते वकील होते आणि प्रत्येक गोष्ट उलटतपासणीसारखी विचारायचे.

"चार महिन्यांत सातशे पुस्तकं झाली. बाकी दहा हजार कधी होणार?"

"साहेब, सतराशे केली होती. त्यातली हजार गेली."

"कुठे गेली? दुकानदार म्हणतो बिघाड नाही. सर म्हणतात बिघाड नाही. बिघाड फक्त तुम्हालाच दिसतो?"

बाईंनी पिशवीतून एक शंभर पानी वही काढली. कॉम्प्युटर किती वाजता सुरू केला, किती वाजता अडकला, हे त्यांनी रोजच्या रोज लिहून ठेवलं होतं. अध्यक्षांनी ती उघडलीसुद्धा नाही, नुसती हातात धरून वजन केल्यासारखी वर-खाली केली.

"हे लिहिण्यात जेवढा वेळ घालवलात, तेवढ्यात कपाटभर पुस्तकं झाली असती."

सगळे हसले. मीही हसलो. बाईंनी वही परत घेतली आणि त्या खाली बघत बसल्या. त्याच सभेत ठराव झाला: कामात टाळाटाळ व संगणकाचे अज्ञान या कारणांस्तव ग्रंथपालांना कार्यमुक्त करण्यात येत आहे. शब्द अध्यक्षांचे, अक्षर माझं. मी फिजिक्सचा माणूस. जर्नलमध्ये निरीक्षणांचा तक्ता नसेल तर मी मुलांना प्रयोग पुन्हा करायला लावायचो. त्या दिवशी तक्ता समोर होता आणि मला तो मागून घ्यावासा वाटला नाही.

नवा माणूस मिळेपर्यंत यादीचं काम मी अंगावर घेतलं. मनात होतं की महिन्याभरात उरकून दाखवू. पहिल्या दिवशी पाऊण तास गेला आणि बाण थिजला. वाटलं, लाईट कमी-जास्त झाली असेल. पुन्हा चालू केला, पंचवीस मिनिटांत पुन्हा थिजला. तिसऱ्या दिवशी माझ्या सत्तर नोंदी गेल्या, तेव्हा मी खुर्ची मागे ढकलून तसाच बसून राहिलो. वाचनालयात कुणी नव्हतं, आणि ते बरंच झालं.

काहीतरी लिहून काढावं म्हणून कागद शोधायला खण उघडला. आत ती वही होती. बाई जाताना ठेवून गेल्या होत्या.

वाचायला पाच मिनिटं पुरली. सकाळी पहिल्यांदा चालू केल्यावर तो पाऊण ते एक तास चालायचा. लगेच पुन्हा चालू केला की वीस-पंचवीस मिनिटं. जेवणाच्या सुट्टीनंतर पुन्हा पाऊण तास. म्हणजे तापत होता. नववीतल्या मुलालाही कळलं असतं. आणि शेवटून तिसऱ्या पानावर समासात बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'दुकानात सीपीयू टेबलावर आडवा ठेवतात, तिथे बंद पडत नाही. इथे उभा असतो. आडवा ठेवून पाहायचं का? सरांना विचारणे.'

त्यांनी विचारलं होतं. मला तो दिवस लख्ख आठवला. मी वर्तमानपत्र वाचत होतो. त्या समोर येऊन म्हणाल्या, "सर, तो आडवा ठेवून बघू या का?" आणि मी पान उलटत म्हणालो होतो, "बाई, कॉम्प्युटर काय माणूस आहे, आडवं पडल्यावर बरं वाटायला?"

मी टेबलाखालून सीपीयू बाहेर ओढला आणि जमिनीवर आडवा केला. दुपारभर चालू ठेवला. एकदाही अडकला नाही. मग बंद करून त्याचं झाकण काढलं. आत मधोमध एक छोटा पंखा होता. एक मोकळी वायर कुठेही न बांधता सोडलेली होती. सीपीयू उभा केला की ती वायर घसरून पंख्याच्या पात्यांवर टेकायची आणि पंखा थांबायचा. आडवा केला की ती बाजूला पडायची. पाती घासून वायरीच्या आवरणावर पांढरे ओरखडे पडले होते. पुस्तकं शिवायचा दोरा होता, त्याने मी वायर कडेला बांधली. दोन मिनिटांचं काम.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंच्या गावी, नात्याला गेलो. घरी सासूबाई ओट्यावर बसल्या होत्या.

"ती नाय घरात. पाचाडाला जाती रोज, खानावळीत. तुमी कोन?"

मी वाचनालयातला, असं म्हणालो. म्हातारीने माझ्याकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं.

पाचाडला गडाच्या पायथ्याशी, रस्त्याकडेच्या खानावळीत बाई मागच्या बाजूला चुलीपाशी भाकऱ्या थापत होत्या. पुढे गड चढून आलेल्या लोकांची पंगत बसली होती. मला बघून त्या उठायला लागल्या, पण तव्यावर भाकरी होती म्हणून पुन्हा बसल्या.

मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. वायर, पंखा, उभा, आडवा. त्यांनी एक भाकरी उलटली, दुसरी थापायला घेतली. हात थांबले नाहीत.

"म्हणजे तो हँग व्हायचाच," त्या म्हणाल्या.

"व्हायचाच. तुमचं बरोबर होतं. चूक माझी झाली. तुम्ही परत या. मी अध्यक्षांशी बोलतो."

त्यांनी पिठाचे हात परातीत झाडले. "सर, घरी सासूबाईंना मी सांगितलं की वाचनालयात पगारी माणूस ठेवायची सोय नाय राहिली. पण गावात लोकांना कळलंच. कामचुकार म्हणून काढली, असं. तुम्ही ते लिहिलंय ना सभेच्या वहीत? ते खोडाल का? मग परत यायचं बघू."

"खोडतो," मी म्हणालो.

त्या महिन्याच्या सभेत मी विषय काढला. अध्यक्ष शांतपणे ऐकून घेत होते. मग म्हणाले, "सर, मंजूर झालेला ठराव असा खोडता येत नाही. उद्या तपासणीला कुणी आलं तर समितीने चुकीच्या कारणाने माणूस काढला असं दिसेल. तुमचं अक्षर आहे, सही आपली सगळ्यांची आहे. नवी मुलगीही नेमून झाली, पोलादपूरहून येते, चांगली आहे. तुम्ही असं लिहा, संगणकातील तांत्रिक बिघाड दूर करण्यात आला."

"आणि बाईंचं?"

"त्यांचं नाव कशाला मध्ये?"

बाकीचे सदस्य चहा पीत होते. माझा विरोध नोंदवा, असं मला म्हणता आलं असतं. लिहिणारा मीच होतो, कुणी हात धरला नसता. मी लिहिलं: संगणकातील तांत्रिक बिघाड दूर करण्यात आला. खाली सही केली. बाईंना हे सांगायला पाचाडला जायचं मी आज-उद्या करत राहिलो, आणि गेलो नाही. वर्ष संपताना प्रकृतीचं कारण देऊन चिटणीसपद सोडलं. त्याचा कुणाला काही उपयोग नव्हता.

यादी त्या नव्या मुलीने पुरी केली. कॉम्प्युटर अजून चालतो.

मध्यंतरी मुलगा येणार म्हणून वीर स्टेशनला गेलो होतो. समोरच्या बाकावर बाई होत्या, शेजारी सासू, पायाशी दोन पिशव्या आणि एक गाठोडं. मुलीकडे पनवेलला राहायला चालल्या होत्या. घर बंद केलं होतं.

"बरे आहात ना, सर? बारीक झालात," त्या म्हणाल्या. मी बरा आहे म्हणालो. ठरावाचं त्यांनी विचारलं नाही. मी सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात सासूबाईंनी पाणी मागितलं आणि त्या बाटली शोधायला वाकल्या.

गाडी आली. मी गाठोडं उचलायला पुढे झालो.

"राहू द्या सर, जड आहे," म्हणत त्यांनी ते स्वतःच उचललं, आधी सासूला चढवलं आणि मग त्या चढल्या. माझा मुलगा मागच्या डब्यातून उतरून मला हाका मारत होता.