खर्जाच्या तारेवरचं झाकण

इतकी वर्षं झाली, तरी अकॉर्डियनचा सूर कानावर पडला की माझं डोकं फिरतं. त्या बिचाऱ्या वाद्याचा काही दोष नाही. दोष ते वाजवणाऱ्या एका माणसाचा. तो रोमानियाहून आलेला, इस्राएलात अश्केलोनच्या आमच्या कापड कारखान्यातल्या कामगार क्लबाचा बँडमास्तर. त्रेसष्ट साली क्लबाने कुठून तरी एक जुनी बेस गिटार विकत आणली. पोरांना सगळ्यांना साधी गिटार हवी होती, पुढे उभं राहून मिरवायला. ही चार जाड तारांची, धोंड्यासारखी जड, कुणालाच नको होती. म्हणून ती माझ्या गळ्यात पडली. मी तेव्हा विणाई खात्यात होते, आणि सुराचा कान मला घरातूनच मिळाला होता.

घरातून म्हणजे वडिलांकडून, आबांकडून. अलिबागकडच्या आमच्या गावी आबा कीर्तन करायचे. आम्हा बेने इस्राएलींची कीर्तनं मराठीत, योसेफाची, मोशेची. पुढे पेटी आणि झांजा, मागे सतत घुमणारा तंबोरा. इथे येताना बोटीवर तंबोऱ्याचा भोपळा फुटला. इथे आल्यावर आबा पॅकिंग खात्यात खोकी बांधू लागले, आणि कीर्तन तिथेच संपलं. ते बोलायचेही कमी झाले होते. मी बेस वाजवते म्हटल्यावर मात्र त्यांनी ताटावरून मान वर केली.

"मला ऐकायला येऊ देतील?"

बस, त्यानंतर मला दुसरं काही नको होतं. पुरीमच्या सणाला क्लबाचा मोठा कार्यक्रम व्हायचा. आई पुरीमला अजून होळीचा सणच म्हणायची आणि पुरणपोळ्या करायची. त्या दिवशी आबांनी पुढच्या रांगेत बसून मला ऐकायचं, एवढंच मी मनाशी धरलं.

पण माझ्या वाजवण्यात एक गोष्ट होती. एक तार छेडली की शेजारची मोकळी तार मी घुमू द्यायचे. त्याशिवाय गाणं मला उघडंवाघडं वाटायचं. मागे सा हवाच, हे आमच्या घरात कुणी शिकवलं नव्हतं, ते होतंच. बँडमास्तर पहिल्याच दिवशी ओरडला, "होदीत, शेकेट!" होदीत म्हणजे हिंदी बाई, शेकेट म्हणजे गप्प. मला नाव होतं. ते त्याने कधी विचारलं नाही.

ठीक आहे म्हटलं, त्याच्या गाण्याला घुमणं चालत नसेल तर बंद करू. स्वयंपाकघरात स्टुलावर बसून मी रोज तेच करत बसले. उजव्या हाताचा अंगठा सगळ्यात जाड तारेवर टेकवून ठेवायचा, म्हणजे ती उगाच थरथरत नाही. ती खर्जाची तारच वाजवायची असेल तर डाव्या हाताची मोकळी बोटं बाकीच्या तारांवर अलगद ठेवायची. दाबायची नाहीत, नुसती टेकवायची. बोटांची सालं निघाली. शेजारच्या तारा गप्प झाल्या, पण वाजवलेली तार काही केल्या वेळेवर थांबेना. ढोलकीसारखा ठोका पडायला हवा, तिथे ती लांबच लांब गुरगुरत राहायची.

"तुम्हा लोकांना गोंगाटच आवडतो," बँडमास्तर सगळ्यांदेखत म्हणाला. "पुरीमच्या आत हे थांबलं नाही, तर बेस दुसऱ्याला देईन." पोरं हसली. त्या वर्षात आम्ही खरे यहुदी आहोत की नाही, याच्याच चर्चा जिकडेतिकडे चालल्या होत्या. त्यात आता माझी बोटंही हिंदी ठरली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण आबांसाठी गिळलं.

मग एकदा तेल अवीवला मावशीकडे गेले असताना एका दुकानाच्या काचेमागे अगदी तश्शीच गिटार दिसली. फक्त तिच्या खालच्या टोकाला, तारांवर, एक चकचकीत झाकण होतं. दुकानदाराने ते उचलून दाखवलं. आत स्पंजाची पट्टी. ती तारांना खालच्या टोकाशी दाबून धरते, म्हणून सूर लांबत नाही.

ते झाकण मी ओळखलं. क्लबात बँडमास्तरच्या टेबलावर ते उताणं पडलेलं असायचं आणि तो त्यात सिगारेटी विझवायचा!

दुसऱ्या दिवशी मी ती राख त्याच्या टेबलावरच ओतली. झाकण धुतलं, जळका स्पंज काढून नवा लावला. स्क्रू कधीच हरवले होते, म्हणून चिकटपट्टीने बसवलं. तार छेडली. ठोका पडला आणि थांबला. मला वाटलं, आता तरी हा माणूस काही बोलेल. बोलला. म्हणाला, "मग मी राख कुठे झाडू?"

पुरीमला आबा इस्त्रीचा सदरा घालून पुढच्या रांगेत बसले. आम्ही छान वाजवलं. शेवटच्या गाण्याआधी बँडमास्तर माईकसमोर गेला आणि माझ्याकडे हात करून म्हणाला, "पाहिलंत? आमच्या होदीतला शेवटी आम्ही गप्प राहायला शिकवलं!" सगळं सभागृह हसलं. आणि आबाही हसले. त्यांना हिब्रू धड कळत नव्हतं. लेकीचं कौतुक चाललंय असं समजून ते हसत होते, शेजारच्याकडे मान वळवून.

ते मला सहन झालं नाही. मी चिकटपट्टी ओरबाडली, झाकण काढून त्याच्या खुर्चीवर आदळलं, आणि शेवटचं गाणं सगळ्या तारा मोकळ्या सोडून वाजवलं. तो डोळे वटारत होता. वटारू दे. आबांचं हसू थांबलं होतं. त्यांनी डोळे मिटले होते आणि हात गुडघ्यावर ताल धरत होता.

पडद्यामागे बँडमास्तरने माझ्या हातातून बेस हिसकावून घेतली. "पुन्हा इथे पाऊल टाकायचं नाही."

घरी जाताना आबा वाटभर बोलत होते. इतकं बोलताना मी त्यांना या देशात पाहिलं नव्हतं.

"शेवटच्या गाण्यात तंबोरा लागला बघ, पोरी. आधी का नाही लावलास? पुढल्या वेळी पहिल्यापासून लाव. पुढला कार्यक्रम कधी हाय?"

"कळवतील, आबा," मी म्हटलं.