चिनी जाळ्यांपुढे अडलेली यादी

मी तिरोड्याच्या शाळेत इतिहास शिकवते. पोर्तुगीज, डच, इंग्रज हा क्रम वीस वर्षं फळ्यावर लिहीत आले, पण समुद्र पाहिला तो परवाच्या दिवाळीच्या सुट्टीत, कोचीला. सोबत बाबा होते. त्यांनी जन्मभर बोदलकसा तलावात मासेमारी केली. गुडघे कुरकुरायला लागले तसं जाळं माझ्या भावाला देऊन टाकलं आणि खाट धरली. वर्षभर तलावाकडे फिरकले नाहीत, की धड हसले नाहीत. मला ते हसायला हवे होते. म्हणून बळजबरीनं त्यांना गोंदियाहून गाडीत बसवलं.

कोचीत काय काय पाहायचं याची मी वहीत यादी केली होती. यादी पुरी झाल्याशिवाय मला चैन पडत नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. पहिलं पोर्तुगिजांचं जुनं चर्च. एका मोठ्या दर्यावर्दीला इथे पुरलं होतं, पुढे त्याच्या अस्थी मायदेशी नेल्या, असं मी वर्गात सांगावं तसं सांगत होते. बाबांनी ती जागा नीट निरखली.

"तोही घरी गेला," ते म्हणाले. "आपण कवा जाऊन राहिलो?"

डचांच्या दफनभूमीला कुलूप होतं. मी चिडले, बाबा मात्र खूश दिसले.

यादीतल्या पुढच्या राजवाड्याकडे जायला रिक्षा शोधत किनाऱ्यावर आलो, तर समोर चिनी जाळी. लाकडी खांबांना टांगलेलं घराएवढं जाळं, मागच्या दोरांना दगड बांधलेले. चार-पाच जणांनी दोर ओढले की जाळं पाण्यातून वर येतं. फिरायला आलेले लोक दोर ओलांडत फोटो काढत होते. बाबांनी चपला काढल्या. आमच्या घरी जाळं कुणी ओलांडत नाही आणि चपला घालून त्याला शिवतही नाही. एकेक दोर टाळत, त्या दुखऱ्या गुडघ्यांनी केवढा तरी वळसा घालून ते दोर ओढणारे उभे होते त्या लाकडी फळ्यांवर पोचले.

दोर ओढणाऱ्यांत एक म्हातारा होता. त्यानं बाबांचे अनवाणी पाय पाहिले, मग हात पाहिले, आणि दोर पुढे केला. दोघांना एकमेकांचं एक अक्षर कळत नव्हतं. तरी दुपारभर ओढत राहिले. जाळ्यात चारच मासे आले तरी बाबा असे हसायचे की माझे डोळे भरून आले. तरी सवयीनं मी दोनदा घड्याळ दाखवलं आणि दोनदा बोलणी खाल्ली. राजवाडा बंद झाला.

परतताना बाबा म्हणाले, "माह्याहून बुढा आहे तो. पाण्यात उतरत नाही, उभ्यानंच ओढते."

मग भावाला फोन लावायला सांगितलं.

"माहं जाळं धुऊन ठेव," ते त्याला म्हणाले. "मी येऊन राहिलो. काठावरून टाकीन. अन् चपला घालून शिवू नको त्याले."