बाळाबाईंची न आटणारी बाटली

टाकीवर चढण्याआधी सिसिलिया केदारी शिडीच्या पहिल्या पायरीला पवित्र पाण्याचं बोट लावते, त्याच बोटाने कपाळावर क्रूसाची खूण करते आणि मग पदर खोचते. हे पाणी असतं डोळ्यांच्या औषधाच्या रिकाम्या बाटलीत, आणि ती बाटली पंचायतीच्या किल्ल्यांच्या जुडग्याला दोऱ्याने बांधलेली. चोवीस वर्षांत हा नेम चुकलेला नाही. तिचा नवरा सायमन गावाला पाणी सोडायचं काम करायचा. तो गेल्यावर पंचायतीने त्याच्या जागी तिला घेतलं, तेव्हा पारावर मोठी चर्चा झाली की बाईमाणूस एवढ्या उंच कसं चढणार. ती चढली. चर्चा करणारे अजून पारावरच आहेत.

रोज पहाटे ती बादलीत जंतू मारणारी टीसीएल पावडर कालवते, गाळ खाली बसू देते आणि वरचं निवळलेलं पाणी टाकीत ओतते. तासाभराने गावातल्या कुठल्यातरी नळाचं पाणी काचेच्या नळीत घेऊन त्यात औषधाचे थेंब टाकते. नळी पिवळी झाली तर पावडर पोचली. नाही झाली तर सिसीमावशी पुन्हा टाकीवर. ‘‘पिवळं म्हंजी राखणदार जागा हाय,’’ असं ती शाळेतल्या पोरांना समजावते. सांगलीपासून तासाभराच्या अंतरावरच्या या कृष्णाकाठच्या गावात पाण्यावर शेवटचा शब्द तिचा, हे सरपंचही मान्य करतो. मान्य करत नव्हतं ते एकच माणूस, आणि ते तिच्या घरातच होतं.

बाळाबाई, तिची सासू. वय त्र्याऐंशी, गुडघे गेलेले, जीभ शाबूत. रोज सकाळी नळाला पाणी आलं की बाळाबाई ओंजळ नाकाजवळ नेणार आणि म्हणणार, ‘‘सिसे, तुज्या पावडरीचा वास येतुय.’’ चोवीस वर्षं हेच. अख्खा गाव जिच्या हातचं पाणी पितो तिला घरात एक बरा शब्द मिळू नये, याचं सिसिलियाला वाईट वाटायचं. तिने ते कधी बोलून दाखवलं नाही, भांडी मात्र जरा जोरात आदळली.

सकाळचं पहिलं पाणी बाळाबाई आपल्या बाटलीतलं घ्यायच्या. ही बाटली वेळांकणीच्या यात्रेहून आणलेली, मरियामातेच्या आकाराची, तळहातात मावेल एवढी. मातेचा निळा मुकुट म्हणजे तिचं झाकण. ईस्टरला फादर चर्चमधल्या स्टीलच्या पिंपावर आशीर्वाद देतात आणि घरोघरची माणसं आपापल्या बाटल्या भरून नेतात. कुणी ते पाणी उंबऱ्यावर शिंपडतं, कुणी नव्या मोटारसायकलीवर, कुणी परीक्षेला निघालेल्या पोराच्या कपाळावर. शेजारची चंद्राबाई मराठ्याची, पण नातू रात्रीचा दचकायला लागला की तीही वाटी घेऊन ‘फादरचं पाणी’ मागायला येते. बाळाबाई ते शिंपडायच्या आणि प्यायच्याही. सकाळी मुकुटभर स्वतः घेणार, आणि या वर्षी नातसून नीलिमा पोटुशी राहिल्यापासून मुकुटभर तिला देणार.

नीलिमा मिरजेची, बौद्ध घरातली. लग्न चर्चमध्ये झालं, पण तिचा धर्म तिच्यापाशी राहिला. येशूच्या तसबिरीशेजारी तिने आणलेली बुद्धाची छोटी मूर्ती आहे आणि तिथली धूळ बाळाबाई स्वतः पुसतात. आजींनी दिलेलं पाणी ती मुकाट्याने प्यायची. नवऱ्याला, म्हणजे सिसिलियाच्या मुलाला, जेरोमला, तो सांगलीत विश्रामबागच्या ऑफिसला निघाला की ती हसून सांगायची, ‘‘माझा डोस झाला.’’

या बाटलीचं गावभर नाव झालं होतं. ईस्टर एप्रिलात झाला, ऑगस्ट उजाडला, रोज चार-पाच मुकुट पाणी निघतं आणि बाटली आहे तशीच भरलेली. बाकीच्यांच्या बाटल्या पेन्टेकॉस्टच्या सणाच्या आत, म्हणजे दोन महिन्यांतच, तळाला गेल्या होत्या. चर्चमध्ये पोरांना धर्म शिकवणारे म्हातारे लाजरसमास्तर एकदा बाटली हातात घेऊन म्हणाले होते, ‘‘बाळाबाई, तुमची श्रद्धा लय मोठी.’’ बाळाबाई त्यावर नुसत्या हसल्या होत्या. सिसिलियाही हसली होती. पाण्याचा थेंब अन् थेंब मोजणारी बाई, पण घरातल्या बाटलीचा हिशेब काही तिने केला नाही. घरची म्हणून ती गोष्ट तिच्या डोळ्यांपुढे असूनही दिसली नाही.

ऑगस्टात मळ्याच्या वस्तीवर कावीळ आली. एका आठवड्यात नऊ माणसं आजारी पडली. ती वस्ती टाकीवर नाही, बोअरवर आहे. सिसिलियाने तिथे तीन दिवस घरोघर फिरून पाणी उकळायला लावलं, पाण्यात टाकायच्या औषधाच्या बाटल्या वाटल्या. चौथ्या दिवशी, शुक्रवारी, परत येताना ती चर्चवरून आली आणि जागच्या जागी थांबली. चर्चचं पिंप भरतात कुठून? चर्चच्या बोअरमधून. आणि चर्च आहे मळ्याच्या वस्तीला लागून.

तिने आत जाऊन पिंपाची तोटी उघडली, नळी भरली, थेंब टाकले. नळी होती तशीच राहिली, पांढरी.

ती बाकावर बसली. रंग आला नाही म्हणजे पाणी वाईटच असं नाही, हे तिला माहीत होतं. पण त्या पाण्याला राखणदार नव्हता. आणि तालुक्याच्या प्रशिक्षणात डॉक्टरांनी पुन्हा पुन्हा बजावलेलं होतं की पाण्यातून येणारी ही कावीळ बाकीच्यांना दमवते, पण गरोदर बाईच्या जिवावर उठते. नीलिमाला सातवा महिना लागला होता. गेले दोन दिवस ती म्हणत होती, ‘‘आई, तोंडाला चवच नाही.’’ कावीळही अशीच सुरू होते.

तिने फादरना फोन लावला. ‘‘फादर, पवितर पाणी उकळलं तर त्यातला आशीर्वाद जातो का?’’

फादर म्हणाले, ‘‘सिसिलियाबाई, आशीर्वाद काही वाफ होऊन उडत नाही. प्यायचं असेल तर खुशाल उकळा. रविवारी मी येतोच आहे, मिस्साच्या उपासनेनंतर सगळ्यांसमोर बोलू.’’

रविवारपर्यंत थांबायला तिच्याकडे वेळ नव्हता. ती घरी आली आणि थेट सासूपुढे उभी राहिली.

‘‘आत्या, तुमची बाटली द्या. तपासायची हाय.’’

बाळाबाईंनी बाटली पदराखाली घेतली. ‘‘काय तपासायची?’’

‘‘पाणी. वस्तीवर कावीळ हाय. चर्चच्या पिंपात पावडरीचा ठिपूस न्हाई.’’

‘‘देवाच्या पाण्याची परीक्षा घेतीस? शास्त्रात काय लिवलंय ते ठावं हाय न्हवं? परमेश्वराची परीक्षा पाहू नको.’’

‘‘परमेश्वराची न्हाई घेत, बोअरची घेतीया.’’

‘‘मी न्हाई देणार.’’

एरवी सिसिलिया भांडी आदळून गप्प बसली असती. त्या दिवशी नाही बसली. तिने पाट ओढला आणि सासूच्या गुडघ्याला गुडघा लावून बसली. ‘‘आत्या, चोवीस वर्सं तुमी माज्या पाण्याला नावं ठेवली. मी कवा उलट बोलले न्हाई. आज बोलते. नीलिमाला चार महिनं तुमी ह्येच्यातलं पाजताय. तिला काय झालं तर मी तुमाला माफ करणार न्हाई, आन् मलाबी न्हाई. गाव सांभाळलं आन् घरातली पोर घालवली, आसं हुईल माजं.’’

नीलिमा दारात उभी होती. एवढं ऐकल्यावर तिचा हात आपोआप पोटाकडे गेला. बाळाबाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग सुनेकडे. पदराखालून बाटली निघाली. ‘‘घे. पर मग रडू नगंस.’’

सिसिलियाने मुकुट काढला, बाटलीतलं थोडं पाणी नळीत ओतलं. मग ती थेंब मोजू लागली. एक, दोन, तीन, चार.

नळी पिवळी झाली. फिकट, पण पिवळी.

ती बघतच राहिली. नळी उजेडात धरली, पुन्हा पाहिली, फडक्याने पुसून पाहिली. पिंपातलं पाणी पांढरं आणि त्याच पिंपातून भरलेल्या बाटलीतलं पिवळं, हे तिच्या विद्येत कुठेच बसत नव्हतं. आणि मग एकदम बसलं. ही बाटली का आटत नाही, ते तिला कळलं.

‘‘आत्या, ह्येच्यात नळाचं पाणी हाय.’’

‘‘मग? नाताळापतूर पुरायचं का त्ये? माझं गुडघं मला चर्चपतूर नेत्यात का?’’ बाळाबाईंच्या आवाजात लाज नव्हती. ‘‘मास्तरच सांगत्यात, पवितर पाणी निम्म्याच्या वर असंल तर साधं मिसळल्यालं चालतं, समदं पवितरच ऱ्हातं. मी कवा निम्मं हू दिलं न्हाई. सकाळी जेवढं मुकूट काढलं तेवढं लगीच घातलं. रोज.’’

‘‘पर मास्तर तुमची श्रद्धा मोठी म्हणलं तवा तुमी बोलला न्हाई ते?’’

‘‘श्रद्धा मोठी हायच की,’’ बाळाबाई म्हणाल्या.

नीलिमाला हसू आलं. सिसिलियाला मात्र हसता येईना. तिला एकच विचारायचं होतं. ‘‘माठातलं का न्हाई घातलं? माठ हाताशी व्हता. माज्या पाण्याला तर तुमी नाक मुरडता.’’

बाळाबाईंनी सुनेकडे असं पाहिलं, की ही पोर शहाणी समजायची तरी कशी. ‘‘आगं, माठातलं शिळं. पोटुशी पोर पिणार, तिला काय शिळं घालू? वास बघून ताजं घालती मी. वास आला म्हंजी तू टाकीवर जाऊन आलीस. वास न्हाई आला तर मी सांगती न्हवं का तुला, आज वास न्हाई म्हणून?’’

तसं त्या खरंच सांगायच्या. वर्षातून चार-दोनदा. पावडर कमी पडलेली असायची किंवा कुठे पाइप फुटलेला असायचा, आणि सिसिलिया बाकी गावाच्या आधी टाकीवर पोचलेली असायची. ही ती स्वतःचीच हुशारी समजत आली होती. बाकीच्या सगळ्या दिवशी म्हातारी ‘वास येतुय’ म्हणायची, आणि ते गाऱ्हाणं नव्हतंच. डोळे भरून आले तसा तिने पदर तोंडाला लावला.

‘‘म्हणलं व्हतं रडू नगंस,’’ बाळाबाई म्हणाल्या.

तरीही दुसऱ्या दिवशी नीलिमाला सांगलीला नेऊन रक्त तपासून आणलं, कारण मायेवर भरवसा ठेवावा पण रिपोर्ट सोडू नये, हे सिसिलियाचं मत. रिपोर्ट स्वच्छ आला. तोंडाची चव सातव्या महिन्यानेच नेली होती आणि मिरजेहून आलेल्या आंबटगोड लोणच्याने ती परत आणली.

रविवारी मिस्सा संपल्यावर फादरांनी तिला पुढे बोलावलं. माणसं आपापल्या बाटल्या घेऊन आली होती. ज्यांच्या तळाशी थोडं पाणी उरलं होतं त्यांच्या नळ्या एकामागून एक पांढऱ्या निघाल्या. कुणीतरी बाळाबाईंच्या बाटलीचं विचारलंच. सिसिलियाने खरं ते सांगून टाकलं, अगदी मुकुटाच्या मापासकट. सगळं चर्च हसलं आणि सगळ्यात जास्त लाजरसमास्तर हसले. पिंपातलं जुनं पाणी मास्तरांनी रीतीप्रमाणे गटारात न ओतता चर्चच्या अंगणात जास्वंदीच्या मुळाशी घातलं. मग पिंप घासून निघालं, आणि गावच्या नळाला पाइप लावून सिसिलियाने ते स्वतः भरलं. फादरांनी त्यावर आशीर्वाद दिला. प्रार्थनेच्या मध्येच पावडरीच्या वासाने त्यांनी जरा नाक मुरडलं, ते तिने पाहिलं आणि मान ताठ ठेवली.

मरियामातेची बाटली काठोकाठ भरून ती घरी आली. बाळाबाई खाटेवर वाटच बघत होत्या. त्यांनी मुकुट उघडला, क्रूसाची खूण केली, एक मुकुट पाणी घेतलं आणि तोंड वाकडं केलं.

‘‘सिसे, लय वास मारतुय तुज्या पावडरीचा,’’ त्या म्हणाल्या, आणि दुसरा मुकुट भरून त्यांनी नीलिमाला हाक मारली.