रत्नम्माचा थर्टी फस्ट

थर्टी फस्ट म्हटलं की रत्नम्मा धास्तावते. उदगीरहून देगलूरकडं जाणाऱ्या रस्त्याला तिचं किराणा दुकान आहे. बाई तशी भल्याभल्यांना गप करणारी. कुणी वजनात खोट काढली तर चारचौघांत असं झापते की गिऱ्हाईक पिशवी विसरून पळतं. पण डिसेंबर सरत आला की हिचाच आवाज बसतो. तिचा पाठचा भाऊ सिद्धलिंग याच रात्री धाब्यावरून घरी येताना गेला. रस्त्यात उसाची ट्रॉली बंद पडली होती. मागं ना दिवा, ना कुणी एखादी फांदी आडवी टाकलेली. पोरगं गाडीसकट तिच्यावर जाऊन आदळलं.

पुढच्याच वर्षी तिनं गावातल्या तरण्या पोरापोरींना दारात उभं केलं. "रातच्याला गाड्या घेऊन उंडगता न्हवं? त्यापरीस दुपारी शेतात या. मी खजिना लपिवते, तुम्ही हुडका. सांजच्याला माझ्या दारात जेवा अन् गपगुमान घरला जाऊन झोपा."

पोरं आधी फिदीफिदी हसली. मग अशी चटावली की दिवाळीपासूनच 'अक्का, औंदा खजिना कुठं?' म्हणून भंडावून सोडायला लागली. रत्नम्माचे कायदे मात्र कडक. गाडी आणायची नाही, एकट्यानं फिरायचं नाही, आणि फोन दुकानातल्या टोपलीत टाकूनच निघायचं. "फोटो काढत चालाल अन् बांधावरून तोंडावर पडाल," हे तिचं म्हणणं. तिचा एकुलता एक रविकिरण कॉलेज संपवून घरी आलेला, पण त्यालाही सूट नव्हती.

औंदा येळवस, म्हणजे वेळ अमावस्या, नेमकी आदल्या दिवशी आली. येळवसला आमच्याकडं गाव ओस पडतं. जो तो आपल्या शेतात कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून खोप करतो, आत पाच दगडांचे पाच पांडव मांडतो, मिसळीच्या भाज्यांची भज्जी खातो, आंबिल पितो. दुसऱ्या दिवशी माणसं घरी आणि खोपी शेतात तशाच उभ्या. रत्नम्माला वाटलं, याहून झकास जागा कुठली? तिनं लाडवांचा डबा आणि नवी बॅट आपल्याच खोपीत दडवली आणि पोरांना सांगितलं, "खजिना खोपीत हाय. कुणाच्या, ते मी सांगायची न्हाई. आत शिरून बघा."

पोरं गेली. ती दुकानात निवांत भाजी निवडत बसली होती, तेवढ्यात शेजारच्या शेताचा शेषेराव चहापत्ती न्यायला आला.

"अक्का, येळवस लई बेस झाली बगा," तो खुशीत म्हणाला. "आमच्या जुन्या आडाचा काठ पावसात ढासळला न्हवं का? पाव्हण्यांची लेकरं यायची, म्हनून तोंडावर तुरीच्या वाळल्या तुराट्या टाकल्या अन् वरून कडबा उभा करून दिला. लांबून खोपच वाटती!"

रत्नम्माच्या हातातली मेथी खाली पडली. खोपच वाटती. आणि आपण काय सांगून बसलो? आत शिरून बघा!

तिनं रविकिरणला फोन लावला. तो तिच्या गुडघ्यापाशीच वाजायला लागला, टोपलीत. तरी तिनं पुन्हा लावला. पुन्हा वाजला. माणूस भ्यालं की असं खुळ्यागत करतं. मग ती उठली आणि चप्पल न घालताच पळत सुटली. शेषेराव मागून "अक्का, झालं काय?" ओरडत राहिला.

हरभऱ्यातून, ढेकळांतून ती धावली. काटे मोडले, पदर तुरीत अडकून फाटला. एका मुठीत तिनं गळ्यातलं इष्टलिंग धरलं होतं. शिवा, एक नेलास, आता हा नको नेऊ. माझ्याच तोंडानं पाठवलंय रे त्याला. एवढंच ती पुटपुटत होती.

ती आडापाशी पोचली. कडब्याच्या पेंढ्या इकडं तिकडं फेकलेल्या. मधल्या तुराट्या मोडून आत गेलेल्या, आणि मधोमध काळं भोक. काठावर रविकिरणचा रुमाल.

ती पालथी पडून काठापर्यंत सरकली. "रविकिरण! यप्पा, माझ्या लेकरा, बोल की रे!" खालून तिचाच आवाज वर आला. दुसरं काही नाही. तिनं पुन्हा हाक मारली.

"अव्वा! मागं सर! काठ ठिसूळ हाय!"

बांधावरून रविकिरण येत होता. दोन्ही हातांनी बाभळीचा भलामोठा काटेरी फांदोरा ओढत. हात रक्तानं भरलेले.

ती उठली आणि आधी त्याच्या मुस्काटात एक ठेवून दिली. मग त्याला अशी आवळली की काटे दोघांनाही टोचले.

"मी पाय टाकला अन् तुराटी कडाडली, तसा मागं पडलो," तो म्हणाला. "सत्यम संगट व्हता. त्याला बाकीच्यांस्नी सांगायला पिटाळला. म्या म्हणलं, तंवर काटं टाकावं. मामाच्या टायमाला रस्त्यात कुणी एक फांदी टाकली असती तर..."

रत्नम्मानं डोळे पुसले नाहीत. तिनं फांदोऱ्याचं दुसरं टोक धरलं. दोघांनी मिळून आडाच्या चारी बाजूंना काटे लावले, आणि धापा टाकत आलेल्या शेषेरावालाही तिनं शिव्या घालत कामाला जुंपलं.

दिवस मावळताना पोरं जेवायला बसली. रविकिरणनं टोपलीतून फोन काढला आणि बघतच राहिला.

"अव्वा, किती येळा लावलीस गं! फोन तर तुझ्यापाशीच व्हता की."

"फोन व्हता रे माझ्यापाशी," ती म्हणाली. "तू नव्हतास."

आणि तिनं त्याच्या ताटात आणखी एक भाकरी टाकली.