केसभर तिरकी अक्षरं

मुलगी पाहायला गेलेल्याला पगार विचारतात, शेती विचारतात. मला एक वेबसाइट दाखवली.

आमच्या इंदुरी गावाहून आई आणि मी लोणावळ्याला गेलो होतो. मुलीचे वडील मूळचे जवळच्याच औंढे गावचे, बाजारात चिक्कीचं दुकान. मी वेबसाइटी बनवतो हे मध्यस्थाने त्यांना आधीच सांगितलेलं. पोह्यांची बशी हातात येते न येते तोच त्यांनी मला जुन्या कॉम्प्युटरपुढे बसवलं. पडद्यावर त्यांच्या दुकानाचं नाव, भलंमोठं.

"ही अक्षरं बघा. उंदरानं कुरतडल्यावानी दिसत्यात. ज्यानं बनवली त्यो फोन उचलत न्हाई. तुमाला जमंल का?"

पोहे देऊन गेलेली मुलगी मला पाहताक्षणी आवडली होती. नकार येऊ नये, एवढंच डोक्यात होतं. पोहे राहिले बाजूला.

फॉन्ट बदलला. जाडी कमी केली. अक्षरांमागे पुसटशी सावली घातली. कडा दातेरी त्या दातेरीच. मग एक युक्ती आठवली: ती ओळ किंचित फिरवायची, डोळ्याला अजिबात कळणार नाही इतकी. मग ब्राउझर अक्षरं नव्याने रंगवतो आणि कडा मऊ करतो. फिरवली. अक्षरं तुपात घोळल्यासारखी गुळगुळीत झाली.

"लय भारी! काय केलं म्हनायचं?"

इथे गप्प बसायचं असतं. पण माझी जीभ! "काही नाही, अक्षरं केसभर तिरकी केली."

"तिरकी?" त्यांचा चेहराच उतरला. चष्मा लावून, मान वाकडी करून ते बघू लागले. "व्हय की! डावीकडं कललीयात."

दिसणं शक्यच नव्हतं, मी शपथेवर सांगितलं. पण आता त्यांना तेवढंच दिसत होतं. त्यांनी चिक्कीच्या खोक्याचा पुठ्ठा आणला, घडी घालून मॉनिटरच्या एका बाजूखाली सारला आणि लांब जाऊन पाहिलं.

"आता झालं सरळ."

मॉनिटर आंधळ्यालाही दिसेल इतका कलला होता. चहा घेऊन आलेली मुलगी हळूच म्हणाली, "सांगितलंत कशाला?" गेलं स्थळ, असं मला वाटलं आणि खरंच वाईट वाटलं. परतताना आई वडगावपर्यंत माझ्या जिभेचा उद्धार करत होती.

दुसऱ्या दिवशी होकार आला. मध्यस्थाने निरोप जसाच्या तसा ऐकवला: "कुनाला दिसलं नसतं, तरी पोरानं सोताच्या तोंडानं सांगितलं. असा खरं बोलनारा जावई शोधून सापडायचा न्हाई."

लग्नाला आता काही वर्षं झाली. पुठ्ठा अजून तिथेच आहे, फक्त मळलाय. सासुरवाडीला गेलो की चपला काढायच्या आत सासरे मला मॉनिटरपुढे उभं करतात. बायको दारात उभी राहून माझ्याकडे टक लावून बघत असते.

"जावईबापू, सरळ हाय न्हवं?"

"एकदम सरळ, मामा," खरं बोलणारा जावई म्हणतो.