सिनेमा धुऊन बघणारे मामा

सोलापुरात सिनेमा बघणारे पुष्कळ आहेत आणि सिनेमा डोक्यावर घेणारे त्याहून जास्त आहेत, पण सिनेमा धुऊन, पिळून, वाळत घालून मगच त्याच्याबद्दल तोंड उघडणारा माणूस अख्ख्या शहरात एकच आहे, आणि तो माझ्या वाट्याला मामेसासरा म्हणून आला आहे. माझ्या नवऱ्याचे हे मामा मूळचे होटगीचे. चौतीस वर्षं त्यांनी एका चादरीच्या कारखान्यात चेकर म्हणून काढली. मागावरून उतरलेली चादर टेबलावर पसरायची, सुटलेला धागा हुडकायचा, आणि प्रत्येक लॉटमधला एक तुकडा गरम पाण्यात साबण घालून धुवायचा. मग ओल्या तुकड्यावर पांढरा फडका घासायचा. फडक्याला रंग लागला की लॉट परत. मालकाचा जावई मध्ये पडला तरी परत. निवृत्तीनंतर कारखाना सुटला, पण फडका सुटला नाही. मामांच्या खिशात पांढरा रुमाल असतो आणि तो नाक पुसायला नसतो. माझ्या लग्नात आशीर्वाद द्यायला म्हणून ते स्टेजवर आले, रुमाल पाण्यात बुडवून माझ्या शालूचा काठ चांगला घासला, आणि दोनशे माणसांसमोर म्हणाले, "सूनबाई चांगली हाय, शालू सुटतोय." तो शालू माझ्या वडिलांनी घेतलेला होता. या माणसाशी जन्मात बोलायचं नाही, असं मी तिथेच ठरवलं होतं. शालूचा रंग पहिल्याच धुण्यात गेला, ही गोष्ट मी मामांना आजतागायत सांगितलेली नाही.

सिनेमाचं वेड त्यांना मामी गेल्यानंतर लागलं. मूलबाळ नाही, आमच्या खालच्या मजल्यावरचं त्यांचं घर सुनं, म्हणून एका रविवारी ते आमच्या बिल्डिंगमधली सात पोरं गोळा करून सिनेमाला घेऊन गेले. 'सहकुटुंब पाहावा' असा जाहिरातीत मोठा गाजावाजा झालेला सिनेमा होता आणि 'आईला घरकामात मदत करावी' असा त्याचा बोध होता. त्या संध्याकाळी सात घरांतल्या सात मुलांनी आपापली कपबशी घासली. दुसऱ्या दिवशी चौघांनी घासली. तिसऱ्या दिवशी एकानं घासली, तीही फोडली. बाकी आया हसून गप्प बसल्या, पण मामांचा संताप संताप झाला. कारखान्यातून खराब लॉट बाहेर पडल्यासारखे ते जिन्यात येरझाऱ्या घालत होते. "तीन दिवसांत रंग उडाला! ह्याला काय माल म्हणायचं व्हय? नुसतं वरनं रंगवलंय!" सिनेमाचं परीक्षण लिहिणारे लोक पहिल्या दिवशी पहिला खेळ बघून तारे वाटून मोकळे होतात, हे कळल्यावर तर त्यांचा या धंद्यावरचा विश्वासच उडाला. न धुता शेरा मारतातच कसे, असं त्यांचं म्हणणं. तेव्हा हे काम आपणच करायचं, असं त्यांनी ठरवलं. मामांनी ठरवलं की ठरवलं.

पद्धत साधी होती. सिनेमा पोरांबरोबर बघायचा, त्यातला बोध वहीत टिपायचा आणि आठ दिवस थांबायचं. नवव्या दिवशी परीक्षण पुठ्ठ्यावर लिहून कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीत लावायचं. दळण होईपर्यंत लोकांना वाचायला काहीतरी लागतंच. शेरे तीनच होते : 'रंग पक्का', 'रंग सुटतो' आणि 'पहिल्या धुण्यात गेला'. एक परीक्षण मला अजून पाठ आहे. 'कथा : वीण घट्ट आहे, मध्यंतरानंतर दोन धागे सुटले आहेत. नायकाचे वडील विनाकारण रडतात. बोध : मुक्या प्राण्यांवर दया करावी. आठ दिवसांनंतरची स्थिती : नमुना क्रमांक तीनने पाचव्या दिवशी मांजरास लाथ मारली. शेरा : रंग सुटतो.' नमुना क्रमांक तीनची आई भांडायला आली. मांजरानंच आधी ओरबाडलं होतं, असं तिचं म्हणणं. मामांनी शांतपणे पुठ्ठ्याखाली आणखी एक ओळ लिहिली : 'पालकांचे म्हणणे धरले जाणार नाही.' हळूहळू लोक त्या पुठ्ठ्याचे फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवू लागले, आणि लांबलांबच्या आया मुलांना सिनेमाला न्यायच्या आधी "गिरणीवर काय लिहिलंय?" असं विचारू लागल्या.

आठ दिवसांची परीक्षा म्हणजे नुसतं विचारणं नसे. वाटून खाण्याचा बोध असला की मामा एकाच पोराच्या हातात बिस्किटांचा पुडा द्यायचे आणि जिन्याखाली दडून बसायचे. 'मोठ्यांचा मान ठेवावा' या सिनेमाच्या वेळी ते आठ दिवस रोज सकाळी फाटकात उभे राहिले, कोण नमस्कार करतं ते बघायला. चौथ्या दिवसापासून पोरं मागच्या भिंतीवरून उड्या मारून शाळेला जाऊ लागली. एकाचं ढोपर फुटलं. शेरा अर्थातच 'पहिल्या धुण्यात गेला'.

थिएटरात मामांच्या शेजारी बसणं ही मात्र शिक्षा होती. ते पडद्याकडे बघतच नसत, खुर्चीत आडवे वळून पोरांच्या तोंडाकडे बघत. बोधाची जागा जवळ आली की कोपर मारायचे, "हे बघ, हितं हाय, हितं हाय, ध्यान दे." पोरगं दचकून त्यांच्याकडे बघायचं आणि तेवढ्यात बोध निघून जायचा. मध्यंतरात आतापर्यंत काय शिकलो ते सांगितल्याशिवाय समोसा मिळत नसे. मागच्या रांगेतून कुणी ओरडलं, "ओ काका, गप बसा की!" तर मामा उभे राहून सांगत, "पोरं हायत संगट, जबाबदारी हाय माझी. तुमी बघा की गुमान." मी त्यांना कितीदा तरी म्हटलं, मामा, मुलं करमणुकीला येतात हो. त्यावर ते माझ्याकडे, मी चादर फाडून पायपुसणं करायला सांगितल्यासारखं बघत.

सात पोरांची पाच झाली, पाचाची तीन. एकाचे वडील बदलून गेले, एकाचा दहावीचा क्लास लागला, चौघांना अचानक दर रविवारी पोटदुखी व्हायला लागली. शेवटी राहिली एकटी आमची ओवी. अकरा वर्षांची. मामांनी बेल वाजवली की ती माझ्याकडे एकदा बघायची आणि चपला घालायची. मला वाटायचं, जाऊ दे, तेवढाच त्यांना विरंगुळा. पण मामांना विरंगुळा नको होता, त्यांना काम पाहिजे होतं. एकदा चहा पिता पिता ते म्हणाले, "सूनबाई, आता एकच नमुना राहिलाय गं. कापडच न्हाय तर रंग कशावर बघू?" हसत म्हणाले, पण चहा त्यांनी अर्धाच घेतला. ओवी यायची थांबली की आपला रविवार, आपली वही आणि आपल्याला कुणाच्या तरी दारात जायला असलेलं कारण, सगळंच संपणार, हे त्यांना कळत होतं. मलाही कळत होतं, म्हणून मी ओवीला दर रविवारी पुढे ढकलत होते. हे काही फार चांगलं करत नव्हते, हे आता लक्षात येतं.

आणि नेमका तेव्हाच तो खोटं बोलणाऱ्या मुलीचा सिनेमा आला. ती मुलगी एक खोटं लपवायला दहा खोटी बोलते आणि शेवटी भर वर्गात उभी राहून सगळं खरं सांगते. ओवी घरी आली ती एकदम गंभीर चेहऱ्यानं. त्या आठवड्यात आमच्या घराची पार रया गेली. नणंदेनं आणलेले लाडू फार कडक आहेत, हे ओवीनं नणंदेला सांगितलं. माझ्या ऑफिसातून फोन आला तेव्हा, "आई इथेच आहे, पण नाही म्हणून सांग म्हणाली," असं सांगितलं. नवऱ्यानं सकाळी फिरायला जातो म्हणून कोपऱ्यावर भजी खाल्ल्याचंही बाहेर आलं. मी हात जोडून म्हटलं, बाई, पुरे. तर म्हणाली, "खरं कडू लागलं तरी बोलायचं असतं." मामा रोज जिन्यातून कान देऊन ऐकत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं समाधान मी कधी पाहिलं नव्हतं.

आठव्या दिवशी ते वही घेऊन आले. चष्मा पुसून खुर्चीत बसले, ओवीला समोर उभं केलं. मी स्वयंपाकघराच्या दारात पोळ्यांचं पीठ लागलेल्या हातांनी उभी. किरकोळ दोन-चार प्रश्न झाले. मग मामांनी पेनचं टोपण काढलं. "आता शेवटचं धुणं. ओवे, माझ्या संगट सिनेमाला यायला तुला आवडतंय का? खरं सांग."

मी डोळे मोठे केले, मान हलवली, ओठांनी 'हो' म्हणाले. ओवीनं माझ्याकडे बघितलं. मग त्यांच्याकडे बघितलं.

"नाही," ती म्हणाली. "मला सिनेमा बघायचा असतो, आजोबा. तुम्ही बघूच देत नाही. पुढच्या रविवारी मी मैत्रिणींबरोबर जाणार आहे." आणि रडत आत पळाली.

मामांनी वही मांडीवर नीट धरली. मग त्यांनी लिहिलं. अक्षर त्यांचं वळणदार, ते हळूहळू, एकेक करून काढलं : 'रंग पक्का.' मला राहवेना. म्हटलं, मामा, लहान आहे ती, मनावर घेऊ नका. तर एकदम चिडले. "का घिऊ नगं? चांगला माल हाय तर चांगला म्हनायचा की! चेकरनं आपलं सुख बघून शेरा मारायचा नसतोय." आणि वही काखेत मारून जिना उतरून गेले. दुसऱ्या दिवशी गिरणीत पुठ्ठा लागला. वर्षभरात पहिल्यांदा 'रंग पक्का' मिळाला होता, त्यामुळे लोक जमले होते. खाली मामांनी एक ओळ जास्तीची लिहिली होती : 'मुलांना अवश्य दाखवावा. मोठ्यांनी मन घट्ट करून जावे.'

त्यानंतर दोन आठवडे गिरणीची भिंत रिकामी राहिली. डबा घेऊन आलेल्या बायका मला विचारत, मामा आजारी आहेत का? आजारी नव्हते. गॅलरीत बसून ते समोर वाळत घातलेल्या चादरींकडे बघत असत. तिसऱ्या रविवारी मला ते बघवेना. मी त्यांच्या दारात जाऊन म्हटलं, "मामा, चला, मी येते." त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "वय?" "बेचाळीस." "जुन्या कापडावर रंग लौकर चढत न्हाय," ते म्हणाले, पण म्हणता म्हणता सदरा बदलायला आत गेले.

बाराच्या खेळाला आम्ही रिक्षानं सात रस्ता चौकातून गेलो. सिनेमा होता एका बापलेकाचा. दोघं एकमेकांशी आयुष्यभर भाकरी, पाणी आणि घड्याळातली वेळ एवढंच बोलतात. मला तो आवडायला लागला होता, तेवढ्यात कोपर बसलं. "हे बघ, हितं हाय. मानूस हाय तवर त्याला मनातलं सांगावं." मी वैतागून म्हटलं, "मामा, बघू द्या की!" म्हटलं आणि जीभ चावली. मामांनी हात मांडीवर घेतला, आणि सिनेमा संपेपर्यंत तो तिथेच ठेवला. पुढचा सगळा सिनेमा मी त्या कोपराची वाट बघत बसले होते.

आठव्या दिवशी ते वही घेऊन आले. "बोल, आठ दिवसांत कुनाला काय सांगितलंस?" मी कुणालाच काही सांगितलं नव्हतं. कामाच्या गडबडीत कुणाला सुचतं? तसंच सांगणार होते. पण त्यांनी टोपण काढून, मान खाली घालून, लिहायची तयारी केली होती, आणि ती वाकलेली मान बघून माझ्याच्यानं राहवलं नाही. मी म्हटलं, "मामा, तुम्ही आलात की मला बरं वाटतं. या घरात मी काय करते, कशी आहे, हे येऊन विचारणारं दुसरं कुणी नाही. तुम्ही यायचं थांबू नका."

पेन तसंच राहिलं. मामांनी खिशातला रुमाल काढला आणि पहिल्यांदाच त्यानं नाक पुसलं. मग घसा खाकरून, एकदम चेकरच्या आवाजात म्हणाले, "हे आठव्या दिवशी, वही बघून सांगायलीस. परीक्षेच्या भीतीनं. हे धरता येत न्हाय. फुडच्या रविवारी परत बघतो."

त्याला आता दीड वर्ष झालं. दर रविवारी ते तपासायला येतात, चहा घेतात, चार गोष्टी विचारतात, माझं बोलणं लक्ष देऊन ऐकतात आणि "अजून कच्चं हाय" म्हणून उठतात. ओवी कधी बाहेर येऊन त्यांच्याशेजारी बसते, मैत्रिणींबरोबर बघितलेल्या सिनेमाची गोष्ट सांगते, आणि ते मध्ये बोलत नाहीत. हल्ली जिना चढताना त्यांना दोनदा थांबावं लागतं. रविवारी त्यांचा आवाज खालच्या पायरीवर ऐकू आला की मी चहा टाकते, आणि मनातल्या मनात म्हणते, मामा, सावकाश या, मला पास व्हायची अजिबात घाई नाही.