बोंडीच्या ऑपरेशनची बैठक

वरवट बकालला माझं कृषी केंद्र आहे. दुकानात बियाणं येतं, खत येतं, औषधं येतात, आणि सीझन संपला की बहुतेक माल संपतो. किस्से मात्र संपत नाहीत! दुकानासमोर एक लाकडी बाकडं आहे. त्यावर बसणारी माणसं कापसाच्या भावावर बोलता बोलता असं काहीतरी बोलून जातात की मी गिऱ्हाईक सोडून हसत बसतो. बायको म्हणते, लिहून ठेवा, नाहीतर विसराल. म्हणून हे बोंडीचे.

बोंडी म्हणजे आमची कुत्री. पांढरी, झुपकेदार, वजन चार किलो. धाकटा मुलगा आधीच होस्टेलवर होता; लेकही अकोल्याला शिकायला गेली, तेव्हा घर सुनं वाटू नये म्हणून तिनंच आणून दिली. फुटलेल्या कापसाच्या बोंडासारखी दिसते म्हणून बोंडी.

मागच्या वर्षी गावातल्या कुठल्या तरी दांडग्या कुत्र्यापासून तिला पिल्लं राहिली, आणि होताना पिल्लू अडकलं. जळगाव जामोदच्या डॉक्टरांनी तिला कशीबशी वाचवली. पिल्लं गेली. डॉक्टर म्हणाले, "पुढच्या वेळी हीसुद्धा जाईल. पुन्हा माजावर यायच्या आत ऑपरेशन करून टाका."

मी हो म्हणालो आणि घरी येऊन घाबरलो. एवढ्याशा जिवाला भूल द्यायची, पोट उघडायचं! कोणत्या अळीवर कोणतं औषध ते गावाला चुटकीसरशी सांगणारा मी, पण हा एक निर्णय मला होईना. बायको, मंगला, पहिल्याच दिवशी म्हणाली, "करून टाका."

मी म्हणालो, "बाकड्यावर विचारतो."

*

पहिलं मत तात्यांचं. तात्या सत्तरीतले शेतकरी, आयुष्य बैलांत गेलेलं. त्यांनी बोंडीच्या पाठीवरून हात फिरवला, दात पाहिले, आणि मला विचारलं, "बैल काऊन खच्ची करतेत?"

"शांत राहावा म्हणून. कामाला जुंपायचा असतो."

"मंग हिचं कायले कराचं? वखराले जुपाचं हाये काय?"

सगळं बाकडं हसलं. बोंडीही शेपटी हलवत होती. निर्णय आठ दिवस पुढं गेला!

*

दुसरे सल्लागार मास्तर. शाळेतून रिटायर झाल्यापासून ते मोबाईलवर वाचतात आणि आम्हाला शिकवतात. त्यांनी बियाण्याच्या एका जुन्या पोस्टरच्या पाठीवर मधोमध रेघ मारली. एका बाजूला फायदे, एका बाजूला तोटे.

फायदे भरपूर निघाले. पिल्लं नाहीत, गर्भाशयाचे आजार नाहीत, दारात कुत्र्यांची गर्दी नाही. तोट्यांत पहिला आला भुलीचा धोका.  दुसरा तोटा मास्तरांनी खणखणीत आवाजात वाचला, "ऑपरेशननंतर वजन वाढते, हालचाल कमी होते, जनावर दिवसभर एका जागी बसून राहते."

रशीदभाई आमच्याकडचे गादीवाले. कापूस पिंजता पिंजता माणसंही पिंजतात. त्यांनी मास्तरांच्या पोटाकडं शांतपणे पाहिलं.

"मास्तर, मंग तुमचं कोन्त्या दवाखान्यात झालं?"

मास्तरांनी पोस्टर गुंडाळलं आणि दोन दिवस आले नाहीत.

*

ते वर्ष तसं हसण्याचं नव्हतंच. बीटी बियाणं आहे, अळी लागणार नाही म्हणून सगळे निर्धास्त होते, आणि बोंडात गुलाबी अळी निघाली. लोकांनी उभी पऱ्हाटी, म्हणजे कापसाची झाडं, उपटून टाकली. बियाणं बनवणारे लांब, दुकानदार समोर! रोज कोणीतरी भांडायला यायचं, आणि त्यांचं चुकत होतं असंही नाही. मलाच त्यांच्या डोळ्याला डोळा देता येत नव्हता.

एक दिवस एका तरुण शेतकऱ्यानं पिशवीभर किडकी बोंडं आणून काउंटरवर ओतली. आवाज इतका चढला की समोरचा चहावाला बाहेर आला. बोंडी उठली, गेली, आणि थेट त्याच्या पायावर जाऊन बसली. अंग टाकून, आरामात. त्याला पाय हलवता येईना. एकदा ओरडला, दोनदा ओरडला, तिसऱ्यांदा आवाज अर्धाच निघाला. शेवटी वाकून तिचे कान खाजवायला लागला.

"भाऊ, हिले बाजूले घ्या ना. हिच्यासमोर भांडता येत नाई!"

मी त्याला चहा पाजला आणि त्याच्या शेजारी बसून त्याचा तक्रार अर्ज लिहून दिला. बोंडीला काही झालं तर आपलं काही खरं नाही, हे मला त्या दिवशी नीट कळलं. भीती आणखीच वाढली.

*

आमचं ठरेना, आणि बोंडी माजावर आली. दारात कुत्र्यांची रांग!

त्या दिवसांत सगळे अळीसाठी शेतात कामगंध सापळे लावत होते. मादी पतंगाच्या वासाची गोळी सापळ्यात ठेवायची, नर पतंग वासावर येतात आणि अडकतात. मास्तर म्हणाले, "हेच तत्त्व इथं लावू!" बोंडी झोपते ते गोणपाट गावाबाहेर तात्यांच्या वावरात नेऊन टांगायचं. नर तिकडं, बोंडी इकडं. मी पडलो शेतीची औषधं विकणारा माणूस. मला ते एकदम शास्त्रशुद्ध वाटलं! तात्यांनीही जागा दिली. म्हणाले, "टांगा. तसंबी वावरात काय उरलं हाये?"

सापळा चालला. गावातली झाडून सगळी कुत्री दोन दिवस तात्यांच्या वावरात! त्यांनी ठिबकच्या नळ्या चावल्या आणि उरलीसुरली पऱ्हाटी लोळवली. आमच्या अंगणात मात्र शांतता. मास्तर रुबाबात बसले होते.

तिसऱ्या दिवशी दुपारी मागच्या अंगणातून मंगला ओरडली. एक काळा दांडगा कुत्रा भिंत ओलांडून आत उतरला होता. तिनं वेळेवर बादलीभर पाणी त्याच्या अंगावर ओतलं, म्हणून बोंडी वाचली. कुत्रा निथळत दुकानासमोरून पळाला. तात्या बाकड्यावरून ताडकन उठले.

"अबे, हा तं माहा वाघ्या! ह्याले वावर राखाले ठुलं होतं ना बे!"

डॉक्टरांना हे सांगितलं तर ते आधी पोट धरून हसले आणि मग रागावले. म्हणाले, "आता माज पूर्ण उतरू द्या, दोन महिने थांबा आणि मग सरळ इथं आणा. मधे बाकड्यावर थांबू नका!"

*

तारीख ठरली तेव्हा रशीदभाईंनी एक काम केलं. तात्यांच्या वावरात कवडी कापूस उरला होता, म्हणजे अळीनं डागाळलेला, व्यापारी हात लावत नाहीत तसला. तो त्यांनी नेला, साफ केला, पिंजला आणि बोंडीसाठी एक छोटी गादी शिवून आणली. वर फुलाफुलांचं कापड.

"टाके पडतीन तिले," म्हणाले. "खाली नरम पाह्यजे."

 बोंडी ऑपरेशन होऊन ठणठणीत घरी आली. गादीचा वास घेतला, एक चक्कर मारली, आणि जाऊन खताच्या रिकाम्या पोत्यावर झोपली! आठ दिवस आम्ही तिला गादीवर ठेवायचो, आठ दिवस ती उतरून पोत्यावर जायची. शेवटी तात्यांनी ती गादी उचलून बाकड्यावर टाकली, बसले, जरा हलून पाहिलं.

"रशीद, माप बराबर हाये!"

अजूनही तेच बसतात. बोंडी त्यांच्या पायाशी पोत्यावर असते. टाके कुठं होते ते आता शोधूनही सापडत नाही.

*

एक किस्सा राहिला. ऑपरेशनच्या सकाळचा.

मी आणि मंगला बोंडीला घेऊन जळगाव जामोदला गेलो. डॉक्टरांनी एक कागद पुढं केला. भुलीचा धोका समजावून सांगितला आहे, ऑपरेशनला मालकाची संमती आहे, खाली सही. मी कागद वाचला. पुन्हा वाचला. भूल किती वेळ राहील? टाके किती पडतील? शुद्धीवर यायला उशीर झाला तर? डॉक्टरांनी न कंटाळता सगळ्याची उत्तरं दिली. पेन माझ्या हातातच होतं.

म्हणालो, "डॉक्टरसाहेब, एकच मिनिट. मास्तरांना फोन करून विचारतो."

मंगला बोंडीला मांडीवर घेऊन बसली होती. आवाज अजिबात न चढवता म्हणाली,

"लहाना झाला तवा माह्याबी असल्याच ऑपरेशनच्या कागदावर तुमीच सही केली होती. तवा कोनाले फोन केला होता? एक अक्षर वाचलं नव्हतं. गाडी बाहेर चालूच होती तुमची, बंदबी नव्हती केली."

डॉक्टर खिडकीबाहेर बघायला लागले. मी फोन खिशात ठेवला.

"द्या थो पेन इकडं," मंगला म्हणाली.

त्या कागदावर मालकाच्या जागी तिची सही आहे.